32 तास, पण कुणाचे?

पत्र

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मी 63 वर्षांची, यजमान 66. दोघंही निवृत्त आणि दोघंही इथले नागरिक. यजमानांना 15 वर्षांपासून मधुमेह आहे, रोज रात्री इन्सुलिन घेतात. गेल्या वर्षी आम्ही 28 फुटी, वापरलेली क्लास सी मोटरहोम (ट्रकच्या चासीवर बांधलेलं फिरतं घर) घेतली. जवळपासच्या दोन चकरा सोडल्या तर ती दारातच उभी आहे. आता ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटच्या माहिती केंद्रात जानेवारी ते मार्च स्वयंसेवक म्हणून या, असा होकार आला आहे. गाडी लावायला जागा, वीज, पाणी, ड्रेनेज त्यांचं. आमचे आठवड्याला 32 तास. मी जन्मभर बँकेत नोकरी केली, झाडापेडांतलं काही कळत नाही. घरात रोज वरण-भात-भाजी-पोळी लागते, ती त्या डब्यात होईल का? फेब्रुवारीत धाकटी बहीण पुण्याहून टुरिस्ट व्हिसावर येणार आहे, तीही मदत करीन म्हणते. मुलगा म्हणतो, "फुकट राबायला 2,500 मैल कशाला जाता?" जावं का? आणि जायचं तर तयारी काय करावी?

उत्तर

ताई, जरूर जा. पण होकाराच्या ई-मेलमधलं एक वाक्य अर्धवट आहे, ते आधी पुरं करून घ्या. आठवड्याला 32 तास, ते कुणाचे? दोघांचे मिळून की प्रत्येकाचे? दोन्ही पद्धती चालतात आणि ई-मेल लिहिणाऱ्याला त्यात काही संदिग्ध आहे असं वाटतच नाही, कारण त्याच्या केंद्रात एकच पद्धत रुळलेली असते. मिळून असतील तर तुमच्या वाट्याला आठवड्याला दोन दिवस येतात. प्रत्येकी असतील तर आठ-आठ तासांचे चार दिवस, बहुतेक वेळ उभं राहून. 12 आठवड्यांत एकीकडे माणशी 192 तास, दुसरीकडे 384. अशा ठिकाणी येऊन जी जोडपी महिन्याभरात हिरमुसून परत जातात, त्यांचं बिनसतं ते बहुतेक याच एका ओळीवरून.

मुलाचा प्रश्न रास्त आहे, त्याला सरळ उत्तर द्या. फुकट जागेसाठी जात असाल तर जाऊ नका. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या खासगी आरव्ही पार्कचं (मोटरहोम लावायच्या जागेचं) तीन महिन्यांचं भाडं 384 तासांत विभागलं, तर ताशी जो दर निघेल त्यात कुणी काम करणार नाही. हा व्यवहार जमतो तो ज्यांना काम हवं आहे त्यांनाच: सकाळी वाळवंट जागं होताना तिथे असणं, आणि आलेल्या माणसाच्या हाती दोन तासांचा चांगला बेत देणं. तुम्हाला ते हवंसं वाटत असेल तर उरलेलं सगळं जमवता येतं.

त्याच ई-मेलमध्ये आणखी काही विचारून घ्या. सुट्टीचे दिवस सलग मिळतात का? निदान तीन सलग हवेत. फिनिक्स गाडीने दोन-अडीच तासांवर आहे; एका सुट्टीत वाणसामान, दवाखाना आणि कपडे उरकत नाहीत. विजेचा खांब 30 अँपचा की 50 चा? जागेची लांबी किती, 28 फुटी गाडी आणि मागे एक छोटी गाडी मावेल का? कपडे धुण्याची सोय, इंटरनेट, टपाल? पाहुणे किती दिवस चालतात? जागेचा एक फोटोही मागवा.

पहिल्या दिवशी पहिलं काम सुरू होण्याआधी स्वयंसेवेच्या करारावर सही झालेली असली पाहिजे. केंद्र सरकारच्या जमिनींवर तो ओएफ-301ए नावाचा फॉर्म असतो. ही नुसती औपचारिकता समजू नका. करारात लिहिलेलं काम करताना इजा झाली, तर सरकारी कर्मचाऱ्याला मिळते ती भरपाईची तरतूद स्वयंसेवकालाही लागू होते. म्हणून कामाचं वर्णन नीट वाचा. त्यात फक्त "माहिती केंद्र" लिहिलं असेल आणि कुणी पायवाट साफ करायला बोलावलं, तर आधी ते काम कागदावर घालून घ्या. पैसे हाताळायचे किंवा सरकारी संगणक वापरायचा असेल तर पार्श्वभूमीची तपासणी होते, तिला आठवडे लागू शकतात. ती आत्ताच सुरू करायला सांगा.

आता गाडी. तुमच्या पत्रात छोट्या गाडीचा उल्लेख नाही आणि तिच्यावाचून तुमचं तिथे अडेल. मोटरहोम एकदा जोडली की ते घर झालं. दूध संपलं म्हणून घराची नळी, वायर आणि ड्रेनेज सोडून 30-35 मैलांवरच्या आहो गावाला जायचं का? शिवाय तिथला सगळ्यात देखणा रस्ता म्हणजे आहो माउंटन ड्राइव्ह, 21 मैलांचा, बराचसा कच्चा, वळणावळणांचा फेरा. त्यावर तुमच्याएवढ्या लांब मोटरहोमला मनाई आहे. लोकांना ज्या रस्त्याची माहिती द्यायची तोच तुम्ही पाहिलेला नाही, असं व्हायला नको. दोन मार्ग आहेत. एकाने मोटरहोम चालवायची आणि दुसऱ्याने मागून छोटी गाडी. 30 मैलांचं ॲव्हरेज धरलं तर तिला साधारण 85 गॅलन पेट्रोल लागेल. नाहीतर टो डॉलीवर पुढची चाकं चढवून ती ओढत न्यायची. डॉली स्वस्त पडते, पण ती लावली की मोटरहोम मागे घेता येत नाही, आणि पेट्रोल पंपावर चुकीच्या बाजूला शिरलात की गाडी उतरवण्यावाचून इलाज उरत नाही. तुमचा दोघांचा सराव पाहता पहिल्या वर्षी दोन गाड्या वेगळ्या चालवा, दिवसाला 250 मैलांच्या वर जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. मोटरहोमला स्वतःला गॅलनला 8 ते 10 मैल मिळतात. म्हणजे जायचे 250 ते 310 गॅलन, तेवढेच यायचे.

नकाशा आय-40 महामार्ग दाखवील. डिसेंबरअखेर तो नको. फ्लॅगस्टाफ सुमारे 7,000 फुटांवर आहे, तिथे बर्फ असतो. टेनेसीतून खाली उतरा, अलाबामातून आय-20 धरा, टेक्सासात तो आय-10 ला मिळतो, तिथून टूसॉन. टूसॉनहून राज्य मार्ग 86 ने पश्चिमेला व्हाय नावाच्या वस्तीपर्यंत आणि तिथून 85 ने दक्षिणेला. नळांत गुलाबी अँटीफ्रीझ घालूनच निघा आणि टूसॉनपर्यंत ते काढू नका, पश्चिम टेक्सासातही रात्री गोठवणाऱ्या असतात. वाटेत प्यायला आणि संडासात ओतायला पाण्याचे कॅन ठेवा. टूसॉनला पोचल्यावर टाकी निर्जंतुक करा: टाकीच्या दर 15 गॅलनला पाव कप साधं, वास न घातलेलं ब्लीच, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडायचा, 12 तास तसंच ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत धुवायचं.

निघण्याआधी टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून संपत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांवर गेले असतील तर बदला. मागे जोडचाकं असतात, त्यातल्या आतल्या टायरची हवा तपासायचा सगळे कंटाळा करतात आणि फुटतो तोच. गॅसगळतीचा डिटेक्टर भिंतीवरून काढून पाठीमागची तारीख बघा, त्याचं आयुष्य 5 ते 7 वर्षं. छतावरच्या सगळ्या जोडांवरचं सीलंट बोटाने चाचपून पाहा. कोरडं, तडकलेलं असेल तर आत्ताच भरा, वाळवंटातलं ऊन ते आणखी उघडतं.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर होतो. पण त्याआधी विजेचा हिशेब पाठ करा, कारण तिथे तो रोज लागेल. 30 अँप गुणिले 120 व्होल्ट म्हणजे सगळ्या घराला मिळून 3,600 वॉट. रात्रीचा छोटा हीटर 1,500 वॉट, म्हणजे साडेबारा अँप. इंडक्शन 1,800 वॉट, म्हणजे 15. बॅटरीचा चार्जर मधूनमधून काही अँप खातच असतो. हीटर चालू ठेवून इंडक्शनवर पोळ्या टाकल्या की तुम्ही 30 ला टेकलात, तेवढ्यात गिझर लागला की अंधार. दुसरी गोम गाडीच्या आत असते. स्वयंपाकघराचे आणि बेडरूमचे प्लग पुष्कळदा एकाच 15 अँपच्या लाइनवर असतात, म्हणून एकूण भार कमी असूनही इन्स्टंट पॉट आणि हीटर एकत्र लावले की फ्यूजपेटीतला स्विच पडतो. एडिसनला अंगणातच एकेक प्लग लावून कोणता कोणत्या लाइनवर आहे ते पाहा आणि चिकटपट्टीवर लिहून ठेवा. खांब 50 अँपचा निघाला तर मध्ये जोडायचा अडॅप्टर लागतो, पण त्याने तुमचे 30 चे 50 होत नाहीत. व्होल्टेज पाहून वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर घ्याच. तो नुसत्या विजेच्या झटक्यापासून नाही, तर कमी दाबापासूनही वाचवतो. आणि पहिल्या संध्याकाळी सगळं चालू असताना मुख्य प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर आत ढिलाई आहे, ताबडतोब भार कमी करा.

गॅसचं गणित वेगळं. गाडीतली घर गरम करणारी भट्टी साधारण 30,000 बीटीयूची असेल तर चालू असताना तासाला एक तृतीयांश गॅलन प्रोपेन जाळते. जानेवारीत तिथे काही रात्री पारा शून्य सेल्सियसच्या आसपास जातो. रात्रभरात ती एकूण चार तास जरी पेटली तरी सव्वा गॅलनच्या वर गेला. क्लास सी गाडीत टाकी चासीलाच ठोकलेली असते, म्हणजे गॅस भरायला घर हलवावं लागतं. त्यासाठी एक्स्टेंड-अ-स्टे नावाचा टी-जोड मिळतो. तो टाकीजवळ बसवून घेतला की बाहेर 20 पौंडी सिलिंडर जोडता येतं आणि रिकामं झालं की छोट्या गाडीतून भरून आणता येतं. जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या. ऊब शक्यतो विजेवर, गॅस शेगडीसाठी आणि कडाक्याच्या रात्रींसाठी.

फोडणी बाहेर करा. मोहरी तडतडली की गाडीतला धुराचा भोंगा वाजतोच, आणि तीन महिन्यांची वाफ छताच्या प्लायला चिकटून राहते, ती निघत नाही. दाराबाहेर टेबलावर एक बर्नरची शेगडी आणि लोखंडी कढल्यात फोडणी. आत फक्त वरण-भाजीवर ओतायची. वारा सुटला असेल तर मात्र ती शेगडी पेटवू नका, आणि काम झालं की शेगडीसकट सगळं आत. उघड्यावर राहिलेल्या खरकट्याला हावेलीना येतात, डुकरासारखा कळपाने फिरणारा प्राणी. कुकर आत चालेल, पण छताचा पंखा आणि समोरची खिडकी उघडून, नाहीतर वाफेने सकाळी काचा गळतात. ताटं-कढया धुण्याआधी कागदाने पुसा. तेल, डाळीचा गाळ आणि चहाचा चोथा ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, गेला की तळाशी थर बसतो, आणि मार्चच्या उन्हात त्याचा वास सिंकमधून वर येतो. ज्वारीचं पीठ, पोहे, डाळी घट्ट झाकणाच्या डब्यांत तीन महिन्यांच्या घेऊन जा. कढीपत्ता आणि खोवलेलं खोबरं फिनिक्स किंवा टूसॉनला घेऊन फ्रीझरमध्ये. दही थंडीत लवकर लागत नाही. इन्स्टंट पॉटला दह्याचं बटण असेल तर प्रश्न मिटला.

संडासाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे बहुतेक नवे लोक चुकतात. ड्रेनेज जोडलेलं आहे म्हणून ब्लॅक टँकची, म्हणजे संडासाच्या टाकीची, झडप उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं, घट्ट भाग मागे राहून ढिगारा होतो आणि तो वाळवंटाच्या हवेत सुकून दगड बनतो. झडप बंद ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. नंतर लगेच ब्लॅकमध्ये पाच गॅलन स्वच्छ पाणी. आपल्या पाणी वापरण्याच्या सवयीने टाकी लवकर भरते, पण साफही तीच राहते. ती सवय अजिबात सोडू नका. पाण्याच्या नळीला 45 ते 50 पीएसआयचा दाब-नियंत्रक लावा आणि तो गाडीकडे नाही तर नळाकडे, म्हणजे नळीही वाचते. रात्री गोठण्याचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळी आतली टाकी भरून नळी सोडून ठेवा.

उंदरांकडे मात्र दुर्लक्ष नको. पॅकरॅट नावाचा रानउंदीर एका रात्रीत इंजिनात घर करतो आणि वायरींवरचं आवरण कुरतडतो. पहिली खूण अगदी छोटी असते: सकाळी बॉनेट उघडलं की बॅटरीवर मेस्कीटच्या झाडाच्या दोन-चार काड्या आणि चोया नावाच्या काटेरी कॅक्टसचे एक-दोन तुकडे, जणू कुणी आणून ठेवले आहेत. त्याच दिवशी काढून टाका, उशीर केला तर आठवड्यात पाटीभर होतात. दोन्ही गाड्यांचं बॉनेट रात्री उघडं ठेवा, त्याला अंधार आणि आडोसा हवा असतो. गाडीच्या पोटाखालची प्रत्येक फट, विशेषतः पाइप आणि वायर आत शिरतात ती, पाव इंची जाळी किंवा स्टील वुलने बंद करा. लेंड्या दिसल्या तर केरसुणी लावू नका, व्हॅक्यूमही नको. हांटाव्हायरस वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून पसरतो. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून फवारा, पाच मिनिटं थांबा, हातमोजे घालून कागदाने टिपून घ्या.

आता यजमानांची तब्येत, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी असते. तिचे कण धुळीतून फुप्फुसात गेले की व्हॅली फीव्हर होतो, आणि मधुमेह असलेल्यांना तो जास्त जड जाऊ शकतो. म्हणून अंगण झाडणं, खड्डे खणणं ही कामं त्यांच्याकडे नकोत. वावटळ उठली की आत यावं, धुळीत जावंच लागलं तर एन-95 मास्क. धुळीत गेल्यापासून तीन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, न जाणारा थकवा आला तर डॉक्टरला "मी ॲरिझोनात होतो" हे स्वतःहून सांगा, एडिसनला परतल्यावरही. न्यू जर्सीच्या डॉक्टरला ते आपणहून सुचेलच असं नाही, आणि नुसता न्यूमोनिया समजून औषधं दिली जातात.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवाल, पण तुमच्या गाडीतला फ्रिज गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीचा असेल, तर गाडी समपातळीत नसताना तो नीट गार होत नाही. आत थर्मामीटर ठेवा. 2 ते 8 सेल्सियस हवं. आणि पेन मागच्या थंड पट्ट्यांना टेकवून ठेवू नका. तिथे ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

पायांना बंद, जाड तळव्याचे बूट, गाडीतून उतरून नळापर्यंत जायचं असलं तरी. 15 वर्षांच्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, आणि चोयाचा काटा रुतलेला कळलाच नाही तर त्याची जखम चिघळते. रोज रात्री दिव्याखाली तळवे तुम्ही पाहायचे.

चोयाचा तुकडा अंगाला चिकटतो तो काढायची रीतही शिकून घ्या, कारण काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी तो घेऊन येईल. हाताने ओढायचा नाही, तो हाताला चिकटतो. दणकट कंगवा घ्या, त्याचे दात तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवा, आजूबाजूच्यांना बाजूला करा आणि एका झटक्यात तुकडा दूर उडवा. मागे राहिलेले काटे चिमट्याने एकेक, ज्या दिशेने शिरले त्याच रेषेत सरळ बाहेर. त्यांच्या टोकांना उलटे खवले असतात, वाकडं ओढलं की टोक आत मोडतं. कंगवा आणि छोटी पक्कड दोघांच्याही खिशात हवी.

विम्याचं आजच बघा. यजमान 66 चे, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावर असणार. पारंपरिक मेडिकेअर असेल तर ती मान्य करणाऱ्या देशातल्या कुठल्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपनीमार्फत मिळणारी ॲडव्हान्टेज योजना असेल तर तातडीचा उपचार सोडून बाकीसाठी तिचं जाळं पुष्कळदा तुमच्या भागापुरतं असतं. तुम्ही 63, तुमची योजना न्यू जर्सीची. तिलाही फोन करून हाच प्रश्न विचारा. दोघांची औषधं 90 दिवसांची भरून घ्या.

राहता राहिलं झाडांचं ज्ञान. बँकेच्या काउंटरवर तुम्ही जे केलं तेच इथे आहे. समोरच्याला काय हवं ते ओळखायचं आणि थोडक्यात, बरोबर सांगायचं. स्वच्छतागृह कुठे, किती वेळ लागेल, आमच्याकडे दोनच तास आहेत तर काय बघू? दोन तास आणि छोटी गाडी असेल तर आहो माउंटन ड्राइव्ह. संध्याकाळचा तासभर असेल तर कॅम्पग्राउंडजवळची 1.2 मैलांची डेझर्ट व्ह्यू पायवाट. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: पाणी किती आहे बरोबर? माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. पहिल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी या दोन्ही वाटा स्वतः करा.

नावं नीट उच्चारा. स्पॅनिश जेचा ह होतो आणि दोन एलचा य: आहो, हावेलीना, चोया, ओकोटीयो. सावारो, म्हणजे हात फुटलेला तो उंच कॅक्टस, त्याच्या स्पेलिंगमध्ये जी असतो, पण तो बोलत नाहीत. मराठी जिभेला हे सगळं सोपं आहे, आणि आहो गावाचं नाव तर तुमच्या तोंडी आधीपासून आहेच.

झाडंही तुम्ही समजता तितकी परकी नाहीत. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच, इथे त्याचे सख्खे भाऊबंद पावलोपावली दिसतील. घायपात इकडचीच. माळरानावर माजलेली वेडी बाभूळ इथल्या मेस्कीटच्या कुळातली. उलट, ज्याला चीक येतो तो आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हेच, तो युफोर्बिया. खऱ्या कॅक्टसचे काटे एका छोट्या मऊ उशीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात. भिंग घेऊन तो ठिपका एकदा पाहा. मग आलेल्या मुलांना तोच दाखवा. वीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त लक्षात राहतं. सावारोबद्दल एवढं पुरे: तो पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीत उगवतो, पहिला हात फुटायला 50 ते 100 वर्षं लागू शकतात आणि त्याची फुलं रात्री उमलतात. इथल्या मूळनिवासी तोहोनो ओओधम लोकांसाठी सावारो हे झाड नाही, माणूस आहे; त्याच्याशी टेकून फोटो काढू नका, असं सांगताना नियमाआधी ही गोष्ट सांगितली तर लोक ऐकतात.

बहिणीला पाहुणी म्हणूनच येऊ द्या. टुरिस्ट व्हिसावर तिने काउंटरच्या आत बसायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, तुमचा बिल्ला असलेली टोपीसुद्धा घालायची नाही. परदेशी नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवा करायची तर वेगळा व्हिसा लागतो. ती किती दिवस तुमच्या जागेवर राहील हे आधी कळवून लेखी होकार घ्या. आणि तिचा मूळ पासपोर्ट व आय-94 ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत कायम तिच्या पर्समध्ये असू द्या, गाडीत नाही. सीमेकडून उत्तरेला येणाऱ्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या असतात आणि आहोला भाजी आणायला निघालात तरी विचारणा होऊ शकते. तिथे फोन कधी कधी मेक्सिकोचा टॉवर पकडतो, म्हणून तिघांचंही रोमिंग बंद ठेवा. तिला शक्य असेल तर येणं फेब्रुवारीच्या शेवटाकडे ढकलायला सांगा. पाऊस बरा झाला असेल तर तोवर ब्रिटलबुश नावाचं झुडूप पिवळ्या फुलांनी भरायला लागतं.

पोचा मात्र पहिल्या पाळीच्या चार दिवस आधी. एक दिवस गाडी समपातळीत आणून जोडण्यात जाईल, एक आहोला जाऊन दुकान, दवाखाना, गॅस पाहण्यात, आणि दोन तुम्हा दोघांना झोपेसाठी लागतील.